भिंतीकडच्या रस्त्यावरच्या अक्का

“थांबा. विमान जाऊ द्या.”

एवढं म्हणून अक्का उजव्या हाताचा तळवा समोर धरायच्या आणि रस्त्याच्या कडेला जो कुणी असेल तो थांबायचा. दूधवाला, शाळेतून येणाऱ्या मुली, मी, एकदा तर प्रचाराला आलेले कार्यकर्ते झेंड्यांसकट. विमान डोक्यावरून जाईपर्यंत कुणी रस्ता ओलांडायचा नाही, हा त्यांचा नियम. विमान पडेल अशी भीती त्यांना कधी वाटली नाही. त्याच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही, याची वाटायची.

असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. गॅस बंद केला का, जिन्यावर पाणी सांडलंय का, गच्चीवर गेलेलं पोर उतरलं का, याची चिंता साऱ्यांच्या वतीनं तेच करत असतं. अशा माणसाचा आपण आधी कंटाळा करतो, मग चेष्टा करतो. आम्ही अक्कांच्या बाबतीत दोन्ही केलं.

आमची कॉलनी जळगावच्या विमानतळाच्या कुंपणभिंतीला लागून आहे. प्रवासी विमानं तशी मोजकीच, पण शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं दिवसभर घिरट्या घालतात. भिंत आणि घरं यांच्यामधून एक सरळसोट रस्ता जातो. हायवेच्या चौकातली गर्दी चुकवायला मुरमाचे डंपर, टेम्पो, मोटरसायकली, सगळे या रस्त्यात शिरायचे. हॉर्न सतत. डंपर गेला की मांडणीवरचे पेले वाजायचे. या रस्त्यावरच अंगणवाडी आहे, आणि तिच्या समोरचं घर अक्कांचं.

त्या मूळच्या सावद्याच्या, केळीवाल्यांच्या घरातल्या. पती गेल्यावर मुलाकडे आल्या. मुलगा पाइप कारखान्यात पाळीनं जायचा, सून शाळेत शिकवायची. अक्का दिवसभर फाटकाशी खुर्ची टाकून शेंगा सोलत बसायच्या. हात शेंगांवर, डोळे रस्त्यावर. बोलता बोलता गाडीचा आवाज आला की वाक्य तिथंच सोडून द्यायच्या. गाडी वळणापलीकडे गेली की ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्यामुळे अक्कांकडून वांग्याच्या भरिताची कृती ऐकायला अर्धी दुपार लागायची.

मी रस्त्यांचे आराखडे करणाऱ्या एका खासगी ऑफिसात नोकरी करतो. आमच्याच कॉलनीच्या रस्त्याचं काम ऑफिसकडे आलं, तेव्हा मी हौसेनं ते मागून घेतलं. रुंद डांबरी रस्ता, मध्ये दुभाजक, दोन्ही बाजूंना पट्टे. रविवारी मारुतीच्या मंदिरात बैठक भरली आणि मी भिंतीवर नकाशा लावला. कॉलनीचे अध्यक्ष नाना खूश झाले. रस्ता मोठा झाला की प्लॉटला मान येतो, असं त्यांनी बोलूनही दाखवलं.

अक्का मागे बायकांत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “भाऊ, रस्ता लहान कर.”

लोक हसले. नाना म्हणाले, “अक्का, रस्ता मोठा करा म्हणून लोक मोर्चे काढतात.”

“काढू द्या. मोठा केला त जोरात जातीन. आता खड्डे हायेत म्हणून तरी दम खातात.”

“मग काय खड्डेच ठेवायचे?”

“खड्डे नको. पण गाडीवाल्याले वाटलं पाहिजे, की आपण कोनाच्या तरी आंगणात आलो.”

बैठक संपल्यावर त्यांना रस्ता ओलांडून द्यायला मी सोबत गेलो. म्हणजे त्यांनीच मला ओलांडून दिलं. वाटेत मी विचारलं, “अक्का, तुमच्या घरात कधी कुणाचा अपघात झाला होता का?”

“नाई रे बापा. झाला असता त दुःख असतं. झाला नाई, म्हणून भीती हाये.”

त्या वाक्यानं माझी झोप गेली नाही, पण नकाशाकडे बघताना ते मध्ये मध्ये येऊ लागलं. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं आमच्या विषयातही नवं नव्हतं. रस्ता अरुंद आणि वळणाचा केला की वेग उतरतो, हे आम्ही शिकलेलो असतो. फक्त कॉलनीच्या अध्यक्षांपुढे ते बोलायची आमची हिंमत नसते. मी वरिष्ठांशी बोललो. ते म्हणाले, थोडे दिवस तात्पुरतं करून पाहा, लोक वैतागले तर काढून टाका.

मी हे अक्कांना सांगितलं, तसा त्यांनी सावद्याला भावाला फोन केला. केळी भरायचे जुने, कान तुटलेले प्लास्टिकचे क्रेट टेम्पोभर आले. बायकांनी त्यांत माती भरली, झेंडू लावला, तुळस लावली. मी चुन्यानं खुणा करून दिल्या आणि क्रेट एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे मांडले. गाड्यांना आता नागमोडी जावं लागायचं. क्रेटना चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या. डंपर दोन दिवस कुरकुरत आले, मग हायवेनं जायला लागले.

आणि रस्ता शांत झाला. आमच्या हे आधी लक्षातच आलं नाही. अंगणवाडीच्या बाई पोरं रस्त्यावर पळू नयेत म्हणून दाराला कडी लावायच्या, त्या दार उघडं ठेवून शिकवू लागल्या. नाना दुपारी ओट्यावर झोपायला लागले. हॉर्न गेल्यावर कळलं, की भिंतीपलीकडे टिटव्या आहेत.

शांत झाल्या नाहीत त्या फक्त अक्का. रोज संध्याकाळी क्रेट जागेवर आहेत का, हे त्या फिरून बघायच्या. पट्टीवर धूळ बसली की पदरानं पुसायच्या. “कोनी सरकवला त?” हे त्यांचं नवं वाक्य झालं. आम्ही म्हणायचो, “अक्का, आता तरी बसा निवांत.”

उन्हाळा लागला होता. कुणाकडे तरी पाहुणे आले, कुणाची तरी गाडी निघेना, म्हणून एक क्रेट सरकवला गेला. सरकवणाऱ्यानं तो परत ठेवला, पण वळणाच्या अगदी तोंडाशी. अक्का त्या दिवशी सुनेबरोबर बाजारात गेल्या होत्या. दिवस मावळता मावळता डाळ मिलमधून सुटलेला एक जण मोटरसायकलवर आला आणि सरळ त्या क्रेटवर आदळला. धुळ्याकडचा तरुण होता, लग्न होऊन वर्ष झालं नसेल. मांडीचं हाड मोडलं.

मी पोहोचलो तेव्हा त्याला रिक्षात घालत होते. रस्त्यावर झेंडूची माती पसरली होती. अक्का बाजाराची पिशवी घेऊन तिथंच उभ्या होत्या. नाना मोठ्यानं काहीतरी बोलत होते. अक्कांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या मला एवढंच म्हणाल्या, “भाऊ, त्याची चप्पल राह्यली.” आणि ती चप्पल उचलून पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्यांनी एकेक क्रेट ओढत बाजूला नेला. आम्ही धावलो, तर कुणाला हात लावू दिला नाही.

त्यानंतर त्या रोज डबा घेऊन दवाखान्यात जाऊ लागल्या. कधीकधी मी माझ्या गाडीवर सोडायचो. पहिल्या दिवशी त्यांनी चप्पल पलंगाखाली ठेवली आणि नुसत्या उभ्या राहिल्या. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. अक्का कळण्याची भाकरी आणि ठेचा ठेवून परत आल्या. असं बरेच दिवस चाललं.

एका दुपारी त्याची आई व्हरांड्यात भेटली. उंच, उन्हानं रापलेली बाई. अक्का तिच्या पायाशीच बसल्या. म्हणाल्या, “माय, ते क्रेट मीच मांडाले लावले होते.”

“माले मालूम शे,” ती म्हणाली. तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं. “बठ्ठा म्हनतस, तुना दोष शे.” मग पदराशी चाळा करत ती म्हणाली, “मी बी त्याले कितला सांगं, हळू जाय म्हनीसन. मन्हं काय आयकस तो?”

माफ केलं असं ती म्हणाली नाही. पण डबा तिनं स्वतःच्या हातानं घेतला आणि अक्कांना बाकावर शेजारी बसवलं. मी बाहेर गाडीपाशी थांबलो.

इकडे रस्ता पुन्हा सरळ झाला आणि डंपर परत आले. पेले वाजू लागले. अंगणवाडीचं दार लागलं. आधी हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं सोसलं होतं, पण आता सोसवेना. अंगणवाडीच्या बाई माझ्याकडे आल्या, मग बायका आल्या, आणि शेवटी नानाही आले. म्हणाले, “ते वळणाचं काहीतरी पुन्हा करा. पण पक्कं करा.”

आम्ही सगळे मिळून अक्कांकडे गेलो. त्यांनी मान हलवली. “माझ्या हातून आता नाई होनार. मले रात्री तो पोऱ्या दिसतो.”

मी म्हटलं, “अक्का, तुम्ही काही मांडू नका. मी नकाशा आणतो. तुम्ही फक्त भ्यायचं. जिथं भीती वाटेल तिथं बोट ठेवायचं.”

त्या थोड्या हसल्या. अपघातानंतर पहिल्यांदाच.

मग मी नकाशा आणायचो आणि त्या फाटकाशी बसून एकेक शंका काढायच्या. “पाऊस असला त? लाइट गेले त? कोनी दारू पिऊन आला त?” आधी मी समजावत बसायचो, की चालवणाऱ्यानं नीट चालवलं तर काही होणार नाही. एकदा त्या जरा कडक आवाजात म्हणाल्या, “नीट चालवनाऱ्याचं मले सांगू नको. तो जाईन घरी. जो चुकीन त्याचा इचार कर. तो आदळला त कशावर आदळीन, ते सांग.”

त्या दिवशी मी नकाशातल्या दगडी कठड्यांवर काट मारली. त्यांच्या जागी उतरत्या काठाचे बुटके वाफे आले. चाक चढलं तर चढावं, माणूस फार तर मातीत पडावा. झुडपं गुडघ्याएवढीच ठेवली. विमानतळाजवळ उंच झाडं-खांब चालत नाहीत, त्यामुळे दिवेही बुटके, जमिनीवर उजेड पाडणारे घेतले. अंगणवाडीपुढे रस्ताच उचलून फरसबंदी केली, आणि डंपर शिरू नये म्हणून तोंडाशी कमी उंचीची लोखंडी कमान बसवली. प्रत्येक गोष्टीला अक्कांनी होकार दिला असं मात्र नाही. कमानीला त्या शेवटपर्यंत भ्यायच्या. अग्निशमनची गाडी आत कशी येणार, म्हणून. शेवटी कमानीचा आडवा दांडा उघडता येईल असा करून घेतला आणि किल्ली नानांच्या आणि अंगणवाडीच्या बाईंच्या, दोघांच्या घरी ठेवली.

पावसाळ्यानंतर रस्ता पुरा झाला. नारळ फोडायला अक्कांना बोलावलं तर म्हणाल्या, “आज नको. एक वर्ष जाऊ द्या.”

तो तरुण बरा झाला, पण जरा लंगडतो. मिलमध्ये पुन्हा जायला लागला, तेही याच रस्त्यानं. त्याची गाडी दिसली की अक्का खुर्चीतून उठायच्या, हातातल्या शेंगा सांडायच्या, आणि तो वळणं पार करून जाईपर्यंत उभ्याच राहायच्या. तो बघायचा नाही. हळू जायचा, पण मान सरळ.

हिवाळ्यात एका सकाळी मी त्यांच्याशी बोलत असताना त्यानं फाटकापुढे गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. “पाणी मिळंल का?” म्हणाला.

अक्का आत गेल्या. तांब्या-पेला आणताना ओटीवर पाण्याचा माग उमटला. तो उभ्यानं प्यायला, पेला परत दिला. “येतो,” म्हणाला आणि गेला. अपघाताचा, दवाखान्याचा विषय कुणी काढला नाही. अक्का रिकामा पेला घेऊन पायरीवर बसल्या आणि पदरात तोंड लपवून रडल्या. मी तिथून निघून आलो. ते रडणं मी बघायचं नव्हतं.

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. दम लागायला लागला होता. हवापालट म्हणून भावाकडे सावद्याला गेल्या, आणि थंडी सरायच्या आत तिकडेच वारल्या. कॉलनीतले बरेच जण मातीला गेलो होतो. नाना वाटेत ड्रायव्हरला सारखे सांगत होते, “हळू घे रे.”

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कॉलनीतल्या लेकी माहेरी आल्या. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, धावपट्टीपासून दूर, एक जुना कडुनिंब आहे. त्यांनी त्याला झोका बांधला. मी ऑफिसातून येत होतो. दोघी जणी उभ्यानं झोका चढवत होत्या, बाकीच्या गाणं म्हणत होत्या. झोका वर चढला की थेट रस्त्यावर यायचा, जिथून आधी डंपर जायचे तिथं. पोरी खिदळत होत्या. कुणाचंही रस्त्याकडे लक्ष नव्हतं, आणि असायचं काही कारणही नव्हतं.

मला मात्र एकेक शंका येऊ लागली. दोर जुना तर नाही, फांदी धरेल ना, वळणावरून कुणी आलं तर. मी गाडी बाजूला लावली आणि रस्त्याच्या मधोमध वळणाकडे तोंड करून उभा राहिलो. एक मुलगी म्हणाली, “काका, काही हवंय का?”

“नाही,” मी म्हटलं. “तुम्ही खेळा.”

अंधार पडेपर्यंत त्या झोके घेत होत्या. तोवर मी घरी गेलो नाही.