पहिल्या टाकीचा गॅस

लग्नात माझं नाव बदललं, त्याचं मला काहीच आश्चर्य वाटलं नाही. रसायनशास्त्रात हे रोजच चालतं. दोन कार्बन एकेरी बंधानं जोडले की इथेन, बंध दुहेरी झाला की इथीन, तिहेरी झाला की इथाइन! तशी नगरची नलिनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं लिहून शकुंतला झाली आणि नेवाशाकडच्या एका वस्तीवर येऊन पडली.

हे पलटणीत, वर्षातून एकदा येणार. मामंजींसमोर बोलायचं नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तोलूनमापून बोलायच्या. ("भाकरी झाल्या?" "हो." संपलं संभाषण!) उरली घोडेगावच्या बाजारातून आणलेली म्हैस. आंबोण ठेवताना मी तिलाच शिकवायची, "मिथेनला एकच कार्बन, बाई. इथेनला दोन, प्रोपेनला तीन, ब्यूटेनला चार. त्यांना निदान सोबत आहे!" म्हैस रवंथ करायची आणि मला रडू यायचं.

अशात आमच्याकडे गोबरगॅस आला. शेणाच्या खड्ड्यावर लोखंडी टाकी पालथी घातलेली. गॅस साठला की ती वर उचलली जायची. बसवून देणारे साहेब बजावून गेले, "पहिल्या टाकीचा गॅस सोडून द्या. तो पेटायचा नाही."

आत्याबाईंना ते काही पटेना. "म्हशीचा पयला चीक कुनी वड्याला सोडतं व्हय?" मग एकदम माझ्याकडे वळल्या. "शकुंतले, तू शिकल्याली हाय. काय असतंय त्या टाकीत?"

त्या घरात मला पहिल्यांदाच कुणी भाकरीपलीकडचं काही विचारलं होतं! "साहेब म्हणतात ते बरोबर," एवढं म्हटलं असतं तर बोलणं तिथंच संपलं असतं. ते मला नको होतं. "मिथेन, आत्याबाई! सगळ्यात साधा हायड्रोकार्बन! रंग नाही, वास नाही, हवेपेक्षा हलका, निळ्या ज्योतीनं जळतो. पहिला काय नि शेवटचा काय, मिथेन तो मिथेनच!"

झालं! शुक्रवारी वस्तीवरच्या सगळ्या बायकांना चहाचं आवतण गेलं. शेगडीला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला आणि आत्याबाईंनी पेटत्या चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. ("आता हिचं काय काम?")

मी चावी फिरवली, काडी ओढली. फुस्स! दुसरी ओढली. फुस्स! बायकांनी पदरांचा आडोसा केला.

"नवा हाय, लाजत आसंल," शेजारच्या रुखमाकाकू म्हणाल्या.

काडेपेटी संपली आणि वास सुटला. कुजक्या अंड्यांचा!

"अगं बया! ह्याला वास नसतो म्हनं!"

"तो मिथेनचा नाही काकू, त्याच्याबरोबरच्या गंधकाच्या वायूचा," मी सांगू लागले. (श्रोते नाकाला पदर लावून!) बोलता बोलताच माझी ट्यूब पेटली, शेगडी नव्हे. पहिल्या टाकीत बहुतेक भरणा कार्बन डायऑक्साइडचा असतो. आग विझवायला वापरतात, तोच!

"सायेब सांगून गेल्ता ना?" ओसरीवरून मामंजींचा आवाज आला. माझ्याशी ते प्रथमच बोलले, तेही असं.

"तिला कशाला बोलता? गॅस न सोडता म्याच ठिवला," आत्याबाई करवादल्या आणि चहाचं पातेलं घेऊन रुखमाकाकूंच्या चुलीकडे निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "चल गं. वाटंनं सांग, कुनाला किती कारबन ते." मी घळाघळा रडतच सांगितलं.

दुसरी टाकी मात्र निळीशार पेटली. ती बघायला बायका रोज यायला लागल्या. "मिथेन, हायस का घरात?" हाक दारातूनच यायची. वर्षानं हे रजेवर आले, तर वेशीवरच कुणीतरी म्हणालं, "मिथेनला भेटाया आलास व्हय?"

ह्यांना त्याचा उलगडा करून सांगायला मला अख्खी रजा लागली. बाकी नाव अगदी शास्त्रशुद्ध होतं: एकटी, डोक्यानं हलकी आणि चारचौघांत ऐन वेळी न पेटणारी!