घाणीला दिशा नसते

पंत बोलता बोलता चष्मा काढायचे आणि उपरण्याच्या टोकानं काचा गोल गोल पुसत राहायचे. समोरच्यालाच भोवळ यावी इतका वेळ. मग चष्मा चढवून म्हणायचे, "हं, आता दिसतंय का बघू."

गिरगावातल्या चाळीत त्यांची खोली माझ्या खोलीसमोर, कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांचं टेबल माझ्या टेबलाशेजारी. म्हणजे त्यांच्यापासून माझी सुटका नव्हती, आणि मला ती नकोच होती. शेजारी विक्षिप्त माणूस असला की दिवस बरे जातात, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

त्या साली त्यांना एका पिवळ्या भुकटीनं झपाटलं होतं. जर्मनीत कुणी शोधलेला पदार्थ पंतांनी स्वतः बनवला होता. तापवला की वितळून गढूळ व्हायचा, आणखी तापवला की नितळ. पंतांचं म्हणणं, हा गढूळ द्रव पाण्यासारखा वाहतो खरा, पण त्याचे कण स्फटिकातल्यासारखे एका दिशेनं राहतात. प्रिन्सिपॉलसाहेबांचं म्हणणं, पदार्थात घाण राहिली आहे, दुसरं काही नाही. कण खरंच एका दिशेनं असते, तर सूक्ष्मदर्शक यंत्राच्या खास गाळलेल्या उजेडात काच फिरवताना सगळं एकदम काळं आणि मग एकदम उजळ दिसायला हवं होतं; पण पाहिलं तर फणीत अडकलेल्या केसांसारखा नुसता गुंतवळ.

"दसऱ्याच्या सुट्टीनंतर सिद्ध करा," साहेबांनी बजावलं, "नाहीतर यंत्र दुसऱ्याला देतो." त्या यंत्रात पंतांचा जीव अडकला होता.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. यंत्र घरी आणता येईना, म्हणून पंतांनी काचपट्ट्यांची पेटी देवापुढे ठेवली आणि भक्तीच्या भरात एकेका पट्टीला गंध लावलं. दुसऱ्या दिवशी सोवळ्यात बसून ते धुतलं. सुती फडकं शिवायचं नाही, म्हणून नेसलेल्या रेशमी मुकट्याच्या टोकानं पट्ट्या घासून पुसल्या. देव पुसतात तशा, डोक्याकडून पायांकडे.

"अहो पंत, काचांना पाय कुठले?" मी दारातून विचारलं.

"तुम्ही आधी आंघोळ करून या, मग बोला!"

सुट्टी संपली. साहेब टेबलाशी आले तेव्हा पंतांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मास्तर, घात झाला," ते माझ्या कानाशी लागले. "पेटीत सगळ्या देवापुढच्याच काचा. स्पिरिटनं धुवायच्या राहिल्या हो!"

आता काय इलाज? भुकटी दोन काचांमध्ये दाबून तापवली. साहेब यंत्रावर वाकले. पंतांनी काचेखालचं तबक हळूहळू फिरवलं.

"काळोख!" साहेब म्हणाले. "सगळीकडे एकदम!"

पंतांनी आणखी फिरवलं. सगळं एकदम उजळलं. गुंतवळ कुठल्या कुठे गेला होता.

"साहेब," पंत म्हणाले, "घाणीला दिशा नसते."

साहेबांनी स्वतः फिरवून पुन्हा पुन्हा पाहिलं. "यंत्र तुमच्याकडेच राहू दे," ते शेवटी म्हणाले. मी इतका मोठा सुस्कारा सोडला की स्पिरिटचा दिवा फडफडला.

मग पंतांनी कारण शोधून काढलं. काच गोल पुसली की गुंतवळ, रेशमानं सरळ घासली की शिस्त. ज्या दिशेनं घासावं त्या दिशेनं द्रव मांडून राहायचा. "आणि मी इतके महिने गोल गोल पुसत होतो!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. गोलच.

प्लेगच्या साली ते बायकामुलांसह बोटीनं कोकणात गेले. जाताना मुकट्याचा एक तुकडा प्रयोगशाळेतल्या काचपट्ट्यांच्या पेटीत ठेवून गेले. पुढे काही कळेना. रोज कुठल्या ना कुठल्या घरातून तिरडी उठत होती, आणि माझ्या मनात नको ते येत होतं. शेवटी परळच्या गिरणीतला त्यांच्या गावचा एकजण भेटला.

"पंत मा? बरे आसत. गावात पोरांका शिकयतत."

मी तसाच तडक कॉलेजात गेलो. साहेब पंतांच्या टेबलाशी उभे राहून त्या रेशमी तुकड्यानं काचपट्टी पुसत होते, अगदी डोक्याकडून पायांकडे.

"पंत सुखरूप आहेत," मी म्हटलं.

साहेबांनी पट्टी खाली ठेवली. चष्मा काढला आणि त्याच तुकड्यानं काचा पुसू लागले. गोल गोल, बराच वेळ.