गाडीला अर्थ मिळेना

मंठ्याहून आम्ही निघालो ते धक्का मारून. जानेवारीतली सकाळ, गल्लीभर धुकं, आणि माझ्या धाकट्या भावाची, बापूची, जुनी पांढरी पिकअप किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’ म्हणून गप्प बसत होती. बापूची बायको सुमन स्टिअरिंगवर होती. तिने बॅटरीच्या टोकांवर साठलेला पांढरा फुलोरा गरम पाण्याने धुतला, पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा ‘टक’. शेवटी शेजारचे चौघे मागून भिडले. गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेल्यावर खोकली, हादरली आणि सुरू झाली.

मी मध्ये बसले होते, माझ्या डावीकडे खिडकीशी बापू. धक्का चालू असताना तो एकच शब्द बोलला. “अर्थ,” तो म्हणाला.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. ही गाडी बापूच चालवायचा, बारीकसारीक दुरुस्तीही स्वतःच करायचा. सहा महिन्यांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द विस्कटले. पाणी हवं असलं की तो ‘छत्री’ म्हणायचा. सुमनला हाक मारायचा ती ‘मंगळवार’ अशी. बाहेर येताना शब्द चुकतात, पण आत किती पोचतं ते आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. घरच्यांनी त्यातला दुसरा भाग तेवढा धरून ठेवला. बापूला काही विचारायचं हळूहळू बंद झालं. मीही पुण्याहून आले की त्याला समोर बसवून “सु-म-न, म्हण बघू” असं पहिलीच्या वर्गासारखं घोकून घ्यायची. तो माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, “मंगळवार.”

आमचा हा प्रवास गाडी विकण्यासाठी होता. भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईला मिरचीचे एक व्यापारी आहेत, त्यांच्याशी सुमनचं बोलणं पक्कं झालं होतं. गाडी त्यांच्या दारात सोडायची आणि एसटीने परतायचं. बापूला घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून तोही सोबत, आणि त्याला सांभाळायला मी. गाडी विकायची आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

“रोज संध्याकाळी गाडीत जाऊन बसतेत,” सुमन मला आदल्या दिवशी म्हणाली होती. “चालवता येत न्हाई, उतरवत न्हाई. माझ्यानं बघवत न्हाई, ताई.”

म्हणून जेव्हा त्याने ‘अर्थ’ असा शब्द उच्चारला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. बत्तीस वर्षं मी मराठी शिकवलं आहे. माणसाचा हात जातो, वाचा जाते, डोळ्यांसमोर त्याची गाडी चालली आहे, अशा वेळी तो आणखी काय विचारणार? मी त्याचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाले, “बापू, सगळ्याच गोष्टींचा अर्थ लागत नसतो रे. आपण आपलं जगत जायचं.”

त्याने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, पोचलं.

धुक्यातून आम्ही वाटूरच्या दिशेने निघालो. हा रस्ता मी लहानपणापासून पाहिलेला, पण त्या सकाळी तो आधी कधी न पाहिलेला वाटत होता. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि कणसांच्या वर काही दिसत नव्हतं. एखादी बैलगाडी अचानक समोर यायची, तिच्यावरचा माणूस आमच्याकडे बघायचा, आणि मग बैल, माणूस, गाडी सगळं पुन्हा पांढऱ्यात मिसळायचं. इंजिनाच्या घरघरीने माझे डोळे जड झाले होते. आपण कुठून निघालो, कुठे चाललो, कोण किती वर्षांचं, याचा मला मधूनच विसर पडत होता. एकदा वाटलं, बापूच चालवतो आहे आणि मी माहेरपणाला निघाले आहे.

समोरचं दिसेना म्हणून सुमनने हेडलाइट लावला. त्याबरोबर इंजिनाच्या उष्णतेचा काटा उठला आणि लाल रेघेशी जाऊन टेकला.

“अगं बाई, पाणी संपलं वाटतं,” असं म्हणून तिने हेडलाइट बंद करून गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. काटा खाली आला. तिने बोनेटवर हात ठेवून पाहिला. बोनेट कोमट, उघडून पाहिलं तर पाणी काठोकाठ. पुन्हा हेडलाइट, पुन्हा काटा वर. पुढे तर गंमतच सुरू झाली. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचे. इंडिकेटर दिला की वायपर काचेवर वीतभर सरकून थांबायचा. दाबावं एक आणि हलावं भलतंच. मला हसू येत होतं आणि थोडी भीतीही वाटत होती.

“अर्थ!” बापू म्हणाला. या वेळी त्याने डॅशबोर्डवर मूठ आपटली.

“ताई, तुमी आल्यापासून लई अवघड बोलून राह्यले हे,” सुमन म्हणाली.

वाटूर फाट्यावर इंजिन चालू ठेवूनच चहा घेतला, कारण बंद केलं तर पुन्हा ढकलायला कोण येणार? टपरीवाल्याने सल्ला दिला की बॅटरी बदला. चहा पिणाऱ्या एका ट्रकवाल्याचं मत पडलं की अल्टरनेटर गेला, नवाच टाका. दोघेही बिलकुल ठाम होते. बापू दोघांकडे आळीपाळीने बघत होता आणि त्याच्या कपाळावर आठ्या चढत होत्या. कपातला चहा तसाच राहिला. मी त्याला समजावलं की मनाला त्रास करून घेऊ नकोस. शाळेत फळ्यावर मी काही चुकीचं लिहिलं की हुशार पोरं जशी बघायची, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

जालना मागे पडलं तेव्हा ऊन वर आलं होतं. धुकं विरलं आणि मोसंबीच्या बागा दिसू लागल्या, गडद हिरव्या आणि दुपारच्या आधीच झोपलेल्या. सुमनने आणलेला डबा आम्ही चालत्या गाडीतच उघडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि झाकणाच्या डब्यात येसर (डाळी आणि मसाले भाजून दळलेल्या पिठाची घट्ट आमटी). मी बापूला घास भरवला. येसर लागताच त्याचे ओठ हलले, आईच्या हातची आठवण आल्यासारखे, आणि त्याने समाधानाने “खुर्ची” म्हटलं. मला त्या क्षणी तो फार आवडला, आणि त्याची फार दयाही आली. दया आली ते मी आता कबूल करते.

राजूरच्या अलीकडे एका बैलजोडीला वाट देताना सुमनचा पाय क्लचवरून सुटला आणि गाडी बंद पडली. किल्ली, ‘टक’. पुन्हा किल्ली, पुन्हा ‘टक’. आजूबाजूला ज्वारी, आगटीवर (शेकोटीच्या खड्ड्यावर) हुरडा भाजणारी माणसं आणि धुराचा गोड वास. ती माणसं हात झटकत उठली आणि त्यांनी आम्हाला थोड्या अंतरावरच्या एका शेडपर्यंत ढकलत आणलं. जाताना माझ्या ओंजळीत गरम हुरडा घातला. शेडवर पाटी होती, ‘आटो इलेक्ट्रीक’. दोन चुका माझ्या लगेच डोळ्यांत भरल्या, पण ती वेळ नव्हती.

गौतमभाऊ म्हणून चाळिशीतला माणूस बाहेर आला. त्याने काही न विचारता सुमनला किल्ली फिरवायला सांगितली आणि स्वतः बोनेटमध्ये वाकला. मग अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

“तार तापून राह्यली,” तो म्हणाला. “जल्दी बंद करा, वहिनी.”

बॅटरीपासून इंजिनाच्या अंगापर्यंत त्याने एक जाड वायर धरली. “आता मारा.” सुमनने किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. सकाळपासून मला ढकलाढकलीची इतकी सवय झाली होती, की मी दचकले.

गाडी बंद करायला लावून तो खाली शिरला. खालून त्याचा आवाज आला, “बॅटरी बराबर हाये. अल्टरनेटर बराबर हाये. गाडीला अर्थ मिळून न्हाई राह्यला.”

“काय मिळत नाहीये?” मी विचारलं.

“अर्थ, मॅडम, अर्थिंग. बॅटरीचा करंट गाडीच्या अंगातून माघारी जायला रस्ता लागतो. इथं जाळीदार पट्टी असते, ती सडली. मंग करंट जिथून वाट भेटंल तिथून घुसतो. हेडलाइटचा काट्यात, ब्रेकचा इंडिकेटरात.”

खिडकीतून बापू बाहेर वाकला होता. त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती. “अर्थ,” तो म्हणाला.

“हां काका,” गाडीखालून गौतमभाऊ म्हणाला, “तेच म्हणून राह्यलो मी.”

बापू मागे टेकला. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याला कुणीतरी उत्तर दिलं होतं.

मी हातातला हुरडा तसाच धरून उभी राहिले. मला हसायला येत होतं आणि रडायलाही, आणि दोन्ही एकदमच आलं. सकाळी गल्लीत पहिल्या धक्क्याला, गाडीत न वाकता, बोनेट न उघडता, हा माणूस दोष सांगत होता. आणि मी त्याला जगण्याचं तत्त्वज्ञान ऐकवत होते!

गौतमभाऊने गंज घासून काढला, नवी पट्टी आवळली आणि जुनी बापूच्या डाव्या हातात आणून दिली. दोन धाग्यांवर लोंबणारी ती हिरवी पडलेली पट्टी बापूने उलटसुलट करून पाहिली.

सुमन स्टिअरिंगवर बसली, पण गाडी सुरू केली नाही. तिच्या मांडीवर फोन वाजत होता. पिंपळगावचे व्यापारी असणार. तिने तो वाजू दिला.

“ऐका,” ती बापूला म्हणाली. “गाडी इकायला चाललोय आपण. तुमाला इचारलंच न्हाई. इकू का?”

शब्द शोधताना त्याच्या चेहऱ्यावर काय काय होत होतं ते मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिलं. मी त्याला मदत म्हणून “हो म्हण, नाहीतर नको” असं सुचवणार होते. सुमनने हात आडवा धरून मला थांबवलं.

“मंठा,” तो म्हणाला.

सुमनने डोळे पुसले आणि फोन उचलला. “भाऊ, माफ करा,” ती म्हणाली. “गाडीच्या मालकाला इचारायचंच राह्यलं होतं.” मग तिने किल्ली फिरवली आणि गाडीचं तोंड जालन्याकडे वळवलं.

परत निघालो तेव्हा ज्वारीवर तिरपं ऊन पडलं होतं, मोसंबीच्या बागा मागे सरकत होत्या, आणि तोच रस्ता उलट्या दिशेने बघताना सकाळपासूनचा सगळा दिवस मी स्वप्नात काढल्यासारखं वाटत होतं. इंडिकेटर दिला की आता इंडिकेटरच लागत होता. बत्तीस वर्षं प्रश्नपत्रिकेत मी लिहीत आले, ‘संदर्भासह अर्थ स्पष्ट करा’. संदर्भ सोडून अर्थ लिहिणाऱ्या किती मुलांचे गुण मी कापले असतील. आज माझ्या शेजारी बसून माझ्या भावाने मला दोनदा एकच शब्द दिला, संदर्भ समोर बंद पडून उभा होता, आणि दोन्ही वेळा माझं उत्तर चुकलं. त्याच्या आत सगळं शाबूत होतं. माघारी यायची वाट तेवढी तुटली होती, आणि पलीकडे उभं राहून आम्ही कुणी हात दिला नव्हता.

मंठ्यात पोचलो तेव्हा दिवे लागत होते. सुमनने गाडी दारात लावली, उतरून कुलूप काढायला पुढे गेली. बापू गाडीतच बसून राहिला, मांडीवर ती जुनी पट्टी.

“मंगळवार,” त्याने हाक मारली.

“सु-म-न” माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं.

“आले, आले,” दारातून सुमन म्हणाली.