सगळ्या गोळ्या एकाच डब्यात

शिवणखात्यात तिला सगळे मावशी म्हणायचे. काजबटणांत हात बसलेला आणि तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. कुणाचं डोकं उठलं, कंबर धरली, दाढ ठणकली की माणसं मशीन थांबवून तिच्याकडेच यायची. बटणांच्या जुन्या डब्यात तिचा दवाखाना होता. मागणाऱ्याला पटकन देता यावी म्हणून गोळ्यांची पाकिटं ती कात्रीने एकेका गोळीपुरती कापून ठेवायची. त्यात नाव अर्धं इकडे, अर्धं तिकडे जायचं. पण नावाशी कुणाला देणंघेणं होतं? दुखणं थांबल्याशी मतलब.

तिचा थोरला भाऊ, दादा, हृदयाच्या ऑपरेशननंतर तिच्याकडेच राहायला आला. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू होती, पण गुडघ्यांनी त्याला अगदी जेरीस आणलं होतं.

"बाई गं, तुझ्या डब्यात काही आहे का?"

असायचंच. मावशीने दिली आणि गुडघा हलका झाला, म्हणून रोज देऊ लागली. बहीण खूश, भाऊ खूश. मग एका सकाळी दादा संडासातून भिंत धरत बाहेर आला. चेहरा पांढराफटक. शौचाला डांबरासारखं काळं झालं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुखण्यावर काय देत होता?"

मावशीने डबा टेबलावर उपडा केला.

"यातली कुठली?"

"दुखण्याची."

"अहो, सगळ्याच दुखण्याच्या आहेत!"

बाई रागावल्या नाहीत, त्याचंच मावशीला जास्त लागलं. त्यांनी कापलेले तुकडे शेजारी शेजारी लावले. "ही पॅरासिटामॉल. ताप उतरवते, दुखणं कमी करते, सूज नाही. पोटाला सहसा त्रास नाही, पण जास्त झाली तर यकृताची वाट लावते. आणि सर्दीच्या गोळीतही बरेचदा हीच असते, तेव्हा दोन्ही एकदम घेऊ नयेत. ही आयबुप्रोफेन. सूज उतरवते, पण पोटाच्या अस्तराला आणि मूत्रपिंडांना बाधू शकते. अॅस्पिरिन तिच्याच भावकीतली, शिवाय रक्त गोठू देत नाही. रक्त पातळ करायचं औषध चालू असताना या दोघी डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायच्याच नाहीत. तुमच्या भावाच्या पोटात जखम होऊन रक्त गेलंय."

मावशीला तिथेच रडू फुटलं. ज्याच्या कडेवर ती वाढली, त्याला तिनेच स्वतःच्या हाताने या दशेला आणलं होतं.

रक्त चढवावं लागलं, पण दादा वाचला. मावशीची कात्री आता फक्त कापडावर चालते. कुणी गोळी मागितली की ती आधी विचारते, पोटाची तक्रार आहे का, दुसरं औषध चालू आहे का, आणि मगच अख्खं पाकीट पुढे धरते. "मावशी, गोळी मागितली, तू तर स्थळाची चौकशी करतेयस," असं शिवणाऱ्या बायका म्हणतात. म्हणोत बिचाऱ्या.

परवा दादाचा गुडघा पुन्हा धरला. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं पॅरासिटामॉलचं पाकीट मावशीने त्याच्या हातात ठेवलं. त्याने न बघताच गोळी काढली आणि तोंडाकडे नेली.

"अरे, नाव तरी वाच!"

"तू दिलीस ना? मग काय वाचायचं?"

मावशीने त्याचा हात धरला.

"दादा, माझ्यावर एवढा विश्वास ठेवू नकोस रे," ती म्हणाली, आणि त्याचा चष्मा शोधायला उठली.