वन्सं आणि माझ्या पोटातले बाफले

माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या पोटावर जास्त विश्वास ठेवणारी बाई उभ्या माळव्यात एकच, आणि ती नेमकी माझीच नणंद निघावी, हे माझं नशीब. आमच्या वन्सं देवासात भूल देणाऱ्या डॉक्टर. त्यांनी लग्न केलं नाही, आणि घरात त्यांचं कौतुक इतकं, की मी धारहून लग्न होऊन आले तेव्हा देव्हाऱ्यात त्यांचाही फोटो असेल असं मला वाटलं होतं. त्या घरी आल्याशिवाय सासूबाई घास घेत नसत. यजमान माझ्या आमटीला ‘ठीक आहे’ म्हणत आणि वन्संनी नुसता पापड भाजला तरी ‘वा, ताई!’ मी जळायचे. मनातल्या मनात चांगली धुमसायचे.

वन्संना जगात एकच प्रश्न पडे : ‘शेवटचं काय खाल्लंस आणि कधी?’ भूल दिल्यावर पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात गेलं तर माणूस दगावतो, तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर हा प्रश्न रास्तच. पण त्या तो लग्नात, बारशात, सांत्वनाला गेल्या तरी विचारत. कुक्षीला मामा वारले तेव्हा रडणाऱ्या मामींनाही विचारला, आणि मामींनी हुंदका आवरून ‘सकाळी चहा अन् शेव’ असं सांगितलं. उत्तरावर मात्र वन्संचा विश्वास नसे. हाटपिपल्याच्या एका सुनेने ‘कुछ नहीं खाया, बाईजी’ म्हणून शपथ घेतली होती, आणि तिच्या सासूने तिला दवाखान्याच्या जिन्यातच तुपातला लाडू भरवला होता. तेव्हापासून वन्संचा पेशंटच्या शब्दावरचा विश्वास उडाला. पुढे दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन आलं. वन्सं सोनोग्राफीच्या डॉक्टरांना बाळ सोडून आईचं जठर बघायला लावत. ते बिचारे म्हणत, ‘ताई, बच्चा तो नीचे है!’ ‘वो कहीं नहीं जा रहा. आप ऊपर देखो!’ याचंही घरात कौतुकच. मी हटून बसले की तो हट्ट, वन्सं हटून बसल्या की तो अभ्यास.

मग माझी पाळी आली. गरोदरपणात मला साखर निघाली आणि सिझेरियनचा दिवस ठरला. कमरेखाली बधिर करणाऱ्या पाठीतल्या सुईची मला भयंकर धास्ती, म्हणून मला पूर्ण झोपवायचं ठरलं होतं. ‘उद्या उपासच घडणार’ म्हणून आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी आग्रह करकरून कणकेचे उकडून भाजलेले, तुपात बुडवलेले बाफले वाढले, मीही खाल्ले. त्यानंतर तोंडात काही घातलं नाही. सकाळी वन्संनी नेहमीप्रमाणे मशीन वर वळवायला लावलं, तर पडद्यावर माझं जठर भरलेलं. सासूबाई कडाडल्या, ‘अगं, पहाटे चोरून काय खाल्लंस? लेकराच्या जिवाशी खेळतेस?’ यजमान माझ्याकडे बघेनात. मी रडत म्हटलं, ‘देवाशपथ, काही नाही खाल्लं!’ शपथांचं वन्संपुढे काय होतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

‘आई, ती खरं बोलतेय,’ वन्सं म्हणाल्या. ‘साखर असली की काही जणींचं पोट फार सावकाश रिकामं होतं. हे तू वाढलेले कालचेच बाफले आहेत. आत्ता हिला झोपवलं असतं तर कदाचित उठली नसती.’ त्या घरात माझ्या बाजूने पहिल्यांदाच कुणीतरी बोललं, आणि बोलावं तर नेमकं याच बाईने! मला धड उपकारही मानता येईनात.

ऑपरेशन संध्याकाळवर गेलं. पुन्हा बघितलं तेव्हा पोट रिकामं होतं, तरी वन्संनी झोपवायचा धोका पत्करला नाही. माझी धास्ती बाजूला ठेवून पाठीतच सुई दिली, त्यामुळे मी जागी होते. मुलगी रडली तसे सगळे तिच्याभोवती जमले. वन्सं तेवढ्या माझ्या उशाशी स्टुलावर, माझ्या मनगटावर बोटं ठेवून. मी म्हटलं, ‘वन्सं, बघून तरी या, कुणाच्या तोंडवळ्याची आहे ती.’

‘तिला बघायला सगळं गाव आहे,’ त्या म्हणाल्या. ‘तुला बघायला मी आहे.’

मुलगी आता शाळेत जाते आणि तिला माझ्याहून आत्याच जवळची वाटते. त्यावरूनही मी जळते, खोटं कशाला बोलू? पण सकाळी वन्सं स्कूटर काढून दवाखान्यात निघाल्या, की माझी जळजळ निराळीच असते. तिथे कुणी अनोळखी, घाबरलेली बाई आडवी असेल. वन्सं तिच्या उशाशी स्टूल ओढून बसतील, तिच्या मनगटावर बोटं ठेवतील. मी गॅलरीत उभी राहून त्यांची स्कूटर वळेपर्यंत बघत राहते, आणि मला त्या बाईचा हेवा वाटतो.