लाल खुणांचे बोल्ट

गॅरेजवाल्याला सगळे शंकासुर म्हणत, आणि हे नाव त्याच्या बायकोनेच ठेवलं होतं. आरशापुढचा कंगवा वीतभर सरकलेला दिसला तरी तो विचारायचा, "कोण येऊन गेलं?" गिऱ्हाईक जास्त हसून बोललं की याच्या मनात पाल चुकचुकायची. पण हात सोन्याचा होता. गाडीखाली शिरला की आजार काढूनच बाहेर यायचा.

वेल्डिंगचं काम मेहुणा करायचा. बायकोचा धाकटा भाऊ, पंधरा वर्षं याच्याच गॅरेजात, अबोल आणि कामाला वाघ. हल्ली मात्र शंकासुराने त्याला रस्त्यापलीकडच्या गॅरेजच्या मालकाशी बोलताना दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा हा दिसताच बोलणं थांबलं. तेव्हापासून मेहुण्याने डबा उघडला तरी शंकासुर तिरक्या नजरेने बघायचा.

अशात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची जीप आली. बाई दगडधोंड्यांच्या वाटांनी गोठ्यागोठ्यांत हिंडायच्या, म्हणून त्यांनी गाडी उंच करायला बाहेरच्या कंपनीच्या स्प्रिंगा आणल्या होत्या, आणि सोबत सायलेन्सरचा जाड पाइपही. शंकासुराने दोन्ही बसवून दिलं. गाडी वर उचलणाऱ्या लिफ्टवर होती तेव्हाच त्याने पाइप आणि शाफ्ट यांच्यामध्ये बोटं घालून पाहिली. शाफ्ट म्हणजे इंजिनाची फिरकी मागच्या चाकांना पोचवणारा लांब दांडा. तो मोकळा फिरायला हवा. दोन बोटं आरामात गेली.

"भाऊजी, गाडी खाली उतरवून एकदा बघू या का?" मेहुण्याने विचारलं.

"का? माझ्या बोटांवर भरवसा नाही?"

मेहुणा पाना उचलून बोल्ट आवळायला लागला.

चौथ्या दिवशी बाई परत आल्या. "खालून खर्रर्र आवाज येतो हो. कोणीतरी लोखंड किसतंय असा."

शंकासुराने जीप गल्लीतून दोनदा फिरवून आणली. आवाज नाही. बाई गेल्या आणि दोन दिवसांनी पुन्हा हजर. पुन्हा चक्कर, पुन्हा सामसूम. तिसऱ्या खेपेला त्याला वाटलं, बाईंना स्प्रिंगा आवडल्या नसतील आणि आता त्या परत करायला निमित्त शोधतायत. पण बाईंचा चेहरा खोटा वाटत नव्हता. मग दुसरा विचार आला आणि तो काही केल्या जाईना. पाइप धरून ठेवणाऱ्या पट्टीचे बोल्ट कोण आवळतं? मेहुणा. बोल्ट सैल राहिले तर नाव कोणाचं खराब होणार? आणि गिऱ्हाईक कुठे जाणार? रस्त्यापलीकडे.

त्याने घरातून बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली गुपचूप खिशात टाकली. मेहुणा जेवायला गेला तेव्हा जीपखाली शिरून त्याने प्रत्येक बोल्टवर आणि त्यालगतच्या पत्र्यावर एक सरळ रेघ ओढली. बोल्ट जराही फिरला तर रेघ तुटणार.

गंमत अशी की ती बाटली बायकोला त्याच्या पँटच्या खिशात सापडली. "अहो, हे कोणासाठी नेलं होतंत?" या प्रश्नावर त्याला धड खरं सांगता येईना, ना खोटं. जन्मभर दुसऱ्यांना उलटतपासणीत उभं करणारा माणूस त्या दिवशी स्वतः घामाघूम झाला. शेवटी त्याने कबूल केलं. बायको एवढंच म्हणाली, "माझ्या भावावर?" आणि उठून गेली.

तोपर्यंत मेहुण्याने त्या रेघा पाहिल्याही होत्या. बहिणीच्या नखांवरचा रंग त्याने ओळखला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वेल्डिंगची काच टेबलावर ठेवली.

"भाऊजी, खुणा माझ्यासाठी होत्या ना?"

शंकासुर बोल्टांच्या डब्यात काहीतरी शोधत राहिला. मेहुणा रस्ता ओलांडून पलीकडे गेला तो गेलाच.

आठवड्याने बाई चौथ्यांदा आल्या, या वेळी रागाने. "तुम्ही रिकामी गाडी फिरवता. आज माझ्याबरोबर कामावर चला."

जीपच्या मागच्या भागात औषधांच्या पेट्या होत्या, जनावर अडकवायचा लोखंडी सांगाडा होता, पाण्याचे दोन भरलेले कॅन होते. शंकासुर पेट्यांमध्ये अंग चोरून बसला. पहिल्याच खड्ड्याला खालून आवाज आला. खर्रर्र!

त्याने गाडी थांबवायला लावली आणि धुळीत पाठ टेकून खाली शिरला. लाल रेघा जशाच्या तशा होत्या, एकही तुटलेली नव्हती. आणि पाइपच्या पोटावर, शाफ्टच्या बरोबर वर, घासून घासून आरशासारखा चकाकणारा पट्टा. मध्ये करंगळीही जात नव्हती.

लिफ्टवर चाकं खाली लोंबत होती, म्हणून शाफ्टही खाली होता. ओझं पडलं की गाडी बसायची, मागची चाकं वर यायची आणि शाफ्ट त्या जाड पाइपला भिडायचा. माप चुकलं होतं आणि ते त्याचंच होतं.

त्या दुपारी त्याने रस्ता ओलांडला. समोरचा मालक दारातच उभा होता. त्याच्यादेखत शंकासुर मेहुण्याला म्हणाला, "तू गाडी खाली उतरवून बघू या म्हणाला होतास. मी ऐकलं नाही. वर तुझ्यावरच पाळत ठेवली. चुकलं माझं."

मेहुण्याने हातमोजे काढले. "गाडी तुमच्या गॅरेजातल्या खड्ड्यावर घ्या. सामान काढू नका."

गाडीखाली उभं राहून काम करता येईल अशा त्या खड्ड्यात दोघं उतरले. शाफ्टवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे गोळे चिकटवून त्यांनी जॅकने चाकं मोठ्या हादऱ्यात येतील तेवढी वर उचलली. गोळे पापडासारखे चपटे झाले. मेहुण्याने पाइप कापला, बाजूला बाक देऊन जोडला, पट्टी नव्या जागी बसवली. दुसऱ्या वेळी गोळे गोळेच राहिले. बाई भरलेली जीप घेऊन गेल्या आणि पुढे तेल बदलायलाच आल्या.

त्या दिवशी हात पुसताना शंकासुराला राहवलं नाही. "त्या दोन वेळा तू समोरच्याशी काय बोलत होतास?"

"नोकरीच मागत होतो," मेहुणा शांतपणे म्हणाला. "पंधरा वर्षं तुम्ही माझ्या पाठीवर डोळे ठेवून उभे राहता. कंटाळा आला होता."

"परत येशील?"

"बघू."

त्या 'बघू'चा नेमका अर्थ काय, मेहुणा ते आपण होऊन म्हणाला की समोरच्याने शिकवलं, यावर शंकासुराने पुढचे दोन दिवस बायकोचं डोकं खाल्लं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला काय विचारता? रस्ता ओलांडा आणि त्यालाच विचारा."

तो चपला घालून निघाला.