उलटं फिरणारं इंजिन

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण अमरावतीतली कॅमशाफ्टची ती घटना काही केल्या डोक्यातून जात नाही.

एका गॅरेजमालकाने डंपरच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा उंचवट्यांचा दांडा, चोरीला गेल्याची फिर्याद दिली. पाठोपाठ आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, की माल शेजारच्या भंगारवाल्याकडे आहे. झडतीत पोत्याखाली शाफ्ट सापडला. फिर्यादीने पाहताक्षणी "माझाच" म्हणून ओळखला. इतकी झटपट ओळख मला कधी पचत नाही.

भंगारवाल्याकडे पावती नव्हती. तो हात जोडून म्हणाला, "सायेब, तोडलेल्या जहाजाच्या भंगारात आला हा. आज अकोल्याचे पाहुणे पोरीले पाहाले येऊन राहिले. मले अटक झाली तं सोयरीक मोडली समजा."

त्याच वेळी पासपोर्टच्या पडताळणीसाठी एक तरुणी आली होती. जहाजावर इंजिनिअर, सुट्टीवर घरी आलेली. देव पावला! मी तिला मुद्देमाल दाखवला. बाह्या सारून तिने शाफ्टवरून हात फिरवला आणि फिर्यादीला विचारलं, "काका, डंपर मांगं कसा घेता?"

"रिव्हर्स गिअर टाकून. कावून, काय झालं?"

"मंग तुमच्या शाफ्टले हे जोडीजोडीनं उंचवटे कायले?"

मग तिने मला समजावलं. हे उंचवटे इंजिनाच्या झडपा उघडतात. गाडीचा शाफ्ट बहुधा अखंड घडवलेला, एकाच दिशेने फिरणारा. अनेक जहाजांत मात्र रिव्हर्स गिअर नसतो, इंजिनच उलटं फिरवतात. म्हणून पुढे जायचा उंचवटा वेगळा, त्याला लागून मागे जायचा वेगळा. शाफ्ट थोडा बाजूला सरकवला की इंजिन उलटं सुरू करता येतं आणि जहाज मागे निघतं. शिवाय उंचवटे सुटे बसवलेले, भर समुद्रात एखादा खराब झाला तर तेवढाच बदलता यावा म्हणून. काय ती पोरगी, काय ते सांगणं! सारं ठाणं कामं सोडून ऐकत होतं.

"आता सांगा, फोन कोणी केला होता?" मी फिर्यादीला विचारलं. शेवटी त्याने सगळं कबूल केलं. शेजाऱ्याची जागा त्याला हवी होती. फोन त्यानेच केला होता. खोट्या फिर्यादीची कारवाई त्याच्यावरच सुरू केली.

भंगारवाल्याला जीपने घरी पोचवतो म्हटलं, तर तो दचकला. "नोको सायेब! पाहुण्यायनं पोलिसाची जीप पाहिली तं?"

"चला दादा, बसा मांगं," म्हणत त्या इंजिनिअर पोरीने स्कूटीला चावी लावली.

त्यानंतर कुठल्याही तपासात पुरावा फार सरळ पुढे पळू लागला, की मी तो एकदा उलटा फिरवून पाहत असे. हे मला कोणत्याही प्रशिक्षणाने नाही, त्या पोरीने शिकवलं. भंगारवाल्याच्या मुलीची सोयरीक जुळली. लग्नात ती इंजिनिअर आणि मी, आम्ही दोघंही वधूपक्षाकडून जेवलो.